यादीतलं नाव

"बाळाला त्या यादीतलं नाव ठेवू नकोस हं," ऑर्फा आत्याने बजावलं होतं. सतराव्या शतकात इंग्लंडहून व्हर्जिनियात आणलेल्या दर माणसामागे पन्नास एकर जमीन मिळे, म्हणून त्यांच्या इंग्रज मूळपुरुषाने कधी जन्मालाच न आलेल्या चाळीस जणांच्या नावांची यादी सरकारात लिहून दिली आणि तंबाखूचा मळा उभा केला.

"नसलेल्या माणसांना कसलं भ्यायचं, आत्या?" म्हणत मेरियलने त्यातलंच डॅमरिस हे नाव हौसेने लेकीला ठेवलं.

काल आत्याचा फोन आला. "लग्नाला चार वर्षं झाली गं, पाळणा कधी हलणार?"

आज सकाळी मेरियल नवऱ्याला म्हणाली, "डॅमरिसला घे जरा."

तो हसला. "कुणाला?"

आतल्या खोलीतलं रडणं आत्ताच थांबलंय. मेरियलचा पाय उचलत नाही. तुम्ही तरी डोकावून बघा ना, पाळण्यात ती आहे ना?