कोपराचं हसू

गोदूबाईंनी डाव्या कोपरानं हळूच ढोसलं आणि श्यामकांतराव हसले. ते हसले म्हणून सभागृह हसलं.

हे असंच चालायचं. सिलतऱ्याच्या कारखान्यात लोखंडाचा खणखणाट ऐकता ऐकता श्यामकांतरावांचे दोन्ही कान गेले होते. पण चारचौघांत बहिरा म्हणवून घ्यायची त्यांना भारी लाज. म्हणून गोदूबाईंनी युक्ती काढली. कोपर लागलं की हसायचं, चिमटा बसला की थांबायचं. हसणं मात्र असं, की एकदा गणपतीच्या नाटकात नुकताच मेलेला राजा दचकून उठून बसला होता. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात त्यांची खुर्ची मधोमध. ते हसले की सगळी चौबे कॉलोनी हसणार, हे ठरलेलं.

आज तर पुतण्याचा सिनेमा होता. तो विकत घ्यायला मुंबईहून आलेले दोघे मागच्या रांगेत बसले होते.

"काकू, काकांना बीच में बिठाना," शिशिर म्हणाला होता. "ते हसले की पब्लिक हसते. माझं सगळं आज त्यांच्यावर आहे."

"हव रे बाप्पा. मी आहो ना बाजूले."

उजव्या हाताला हल्ली सारख्या मुंग्या यायच्या, म्हणून गोदूबाईंनी नवऱ्याला डावीकडे बसवलं होतं.

सिनेमा एका बहिऱ्या म्हाताऱ्याच्या संसाराचा. पडद्यावरची बायको लाडानं ताट वाढते आणि तितक्याच लाडाच्या आवाजात म्हणते, "गिळ मेल्या. आज तरी घास अडकू दे."

म्हातारा मान डोलावतो. "छान झालंय."

सभागृहात हशा पिकला.

गोदूबाईंचं कोपर जागच्या जागी थिजलं. शब्द त्यांचे होते. चार भिंतींच्या आतले, रोजच्या जेवणाचे. कॉलोनीत गोदूबाई म्हणजे साक्षात पतिव्रता, आणि हे असं पडद्यावर!

बाजूला श्यामकांतराव खदखदून हसत होते. कोपर न लागताच.

सवय, गोदूबाईंनी मनाची समजूत घातली. सगळे हलताना दिसतात, म्हणून हेही हलतात. शिशिर कॉलेजात असताना घरी राहायचा, त्यानं ऐकलं असेल, उचललं असेल. लोकांना काय ठाऊक कोणाचे शब्द? आणि ह्यांना काय कळणार? ह्यांना दिसतेय हसून वाढणारी बाई. एवढं एक ह्यांना कळलं नाही, म्हणजे झालं. त्यांनी पुन्हा कोपर सुरू केलं.

पडद्यावरची बायको आता म्हाताऱ्याचे पाय दाबत होती. "तुझ्या तेरवीले बुंदी करीन मी. श्रीखंडाची तुझी लायकी नाही."

लोक खुर्च्यांवर हात आपटू लागले. "क्या औरत है यार!" कोणीतरी मागून ओरडलं.

गोदूबाईंचं कोपर पुन्हा थांबलं. हे वाक्य तर गेल्या दिवाळीतलं. तेव्हा शिशिर मुंबईत होता. घरात दोघंच.

मध्यंतरात शेजारची चित्रा वेफर्सचं पाकीट घेऊन आली. हिच्या घराची आणि आपल्या घराची भिंत एकच, गोदूबाईंना एकदम आठवलं. म्हणजे हिचेच उद्योग. कान लावून बसत असेल भवानी.

"गोदूताई, काका रोज चहा करून देतात म्हणे तुम्हाले? नशीबवान हो बाई!"

"हो ना. दिवाळीपासून लागलं हे येड. कडूजहर करतात, पण मन मोडवत नाही."

"अन् केस काहून वाढवले एवढे? पार कान झाकले. हिरोच दिसून राहिले!"

"दिवाळीच्या आधी शिशिरसंगं नागपूरले गेले होते डोळे दाखवाले. तिथून हे खूळ घेऊन आले. यांचे वाढून राहिले अन् माझे गळून राहिले." गोदूबाईंनी सुपारीएवढा उरलेला अंबाडा चाचपला. डॉक्टर म्हणाले होते, वय झालं.

श्यामकांतराव दोघींकडे पाहून गोड हसत होते.

उत्तरार्धात पडद्यावरच्या बायकोच्या फणीत केसांचा पुंजका आला. लोक हसले. तिच्या हातून कप सुटला, म्हाताऱ्याच्या पायावर पडला, तो म्हणाला, "छान झालंय." लोक आणखी हसले. ती अंथरुणाला लागली आणि तिथूनही शिव्या देतच राहिली. आता अर्धेच लोक हसले.

मग म्हातारा स्वयंपाकघरात गेला. गुणगुणत आलं ठेचलं. चहाला उकळी आली तशी फळीच्या मागून उंदरांच्या औषधाची पुडी काढली. चिमूटभर टाकली, ढवळलं, गाळलं, कप बायकोच्या ओठांना लावला. ती हाका मारत राहिली. हाका थांबेपर्यंत तो शेजारी बसून मान डोलावत राहिला.

कोणी हसलं नाही. चित्राचा हात वेफर्सच्या पाकिटातच राहिला. मागे एक बाई "अगं आई गं" म्हणाली. मुंबईचे दोघे पुढे वाकून बसले.

त्या शांततेत एकटे श्यामकांतराव हसले. पोटभर, छप्पर हलेल असं.

गोदूबाईंनी चिमटा काढला. ते थांबले नाहीत. बधिर बोटांनी दुसरा काढला, तोही वाया गेला. हळूहळू एक हसला, दुसरा हसला, आणि काकांच्या मागोमाग सगळं सभागृह त्या मेलेल्या बाईला हसू लागलं.

हसू ओसरलं. पडदा काळा झाला. दिवे अजून लागले नव्हते. गोदूबाईंनी तोंडावर पदर धरला आणि कोणालाच ऐकू जाणार नाही असं पुटपुटल्या, "घसा सुकला रे देवा माझा."

श्यामकांतरावांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"घरी चल," ते म्हणाले. "चहा करतो."