जुन्या हवेचं दालन

संग्रहालयातल्या जुन्या हवेच्या दालनात लग्नाच्या बैठका भरवू नयेत, अशी पाटी वृंदा पेडणेकरांनी स्वतः दारावर लावली होती. तरी आजही दोन घरची मंडळी लाडू-चिवड्याचे डबे घेऊन आत आलीच. दीडशे वर्षांपूर्वी होती तशी, कार्बन डायऑक्साइड कमी असलेली हवा तयार करून दालनात भरलेली होती. तिच्यात माणसांची डोकी लख्ख चालत. बाहेरच्या जड हवेत ठरवलेली लग्नं टिकत नाहीत, असं आता सगळेच मानत.

हवा वर्षागणिक कशी जड होत गेली हे दाखवणाऱ्या भिंतीवरच्या आलेखाकडे मात्र कुणी ढुंकून बघत नसे. वृंदाताईंना त्याचाच संताप येई.

मानपानाचं बोलणं रंगात आलं, तेव्हा लग्नाची मुलगी रेवती उठून आलेखापाशी गेली.

"ताई, तेव्हा सगळीकडे अशीच हवा होती? रोज?"

"रोज. आणि फुकट."

"म्हणजे सगळ्यांची डोकी अशीच चालत असणार. मग त्यांनी हे होऊ कसं दिलं?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. वृंदाताई बोलायला लागणार, तोच वेळ संपल्याची घंटा झाली. मंडळी साखरपुड्याची तारीख ठरवून बाहेर पडली.

वृंदाताई त्यांच्यामागे जवळजवळ धावतच गेल्या. "अगं, तुझा तो प्रश्न..."

रेवतीने तोंडावर हात धरून मोठी जांभई दिली.

"राहू द्या ना ताई," ती म्हणाली. "आता एवढा विचार कोण करतंय."