मुलीच्या हक्काने

"हा पोशाख कोणाचा?" अधिकाऱ्याने विचारलं आणि दुभाषी बाईने ते आगाफियाच्या भाषेत सांगितलं.

"माझ्या मुलीचा."

पांढऱ्या चादरीत बांधलेलं ते गाठोडं आगाफियाने विमानात मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. आता ते टेबलावर उलगडून पडलं होतं. नवरीचा पांढरा झगा, जाळीची ओढणी, पांढरे बूट. बाकीचे प्रवासी केव्हाच शिक्के घेऊन पुढे गेले होते. तिला मात्र रांगेतून काढून या खोलीत बसवलं होतं.

त्याला कारण होतं. मागे एका उन्हाळ्यात ती याच जर्मनीत एका शेतावर शतावरीचे कोंब खुडायला आली होती. पीक भरपूर होतं, मालक थांब म्हणाला, ती थांबली. मुदत उलटल्याची नोंद संगणकात राहून गेली. मोल्डोव्हाच्या पासपोर्टवाल्या माणसाला तेवढं पुरतं. नुसती पाहुणी म्हणून आली असती, तर पुढच्याच विमानात बसवून परत धाडली असती.

पण मुलीकडे, कोर्नेलियाकडे, रोमेनियाचा पासपोर्ट होता. बापाकडचे पणजोबा रोमेनियाच्या राजवटीत जन्मले म्हणून मिळालेला. त्या पासपोर्टवर युरोपात कुठेही राहावं, कुठेही काम करावं, आणि पोसत असलेल्या आईला जवळ बोलवावं. कोणी अडवायचं नाही.

हे सगळं विमानात शेजारी बसलेल्या तामाराने तिला समजावलं होतं. या वाटेने ये-जा करण्यात तामाराचा जन्म गेलेला. "आपल्याकडे मेलेले पणजोबा पोरांना युरोप दाखवतात," असं म्हणून ती हसली होती. मग आगाफियाची हकीगत ऐकून तिने हसू आवरलं. जवळ सरकून म्हणाली, "तुझा हक्क तुझा नाही गं, पोरीचा आहे. तिच्याकडे चाललेय, एवढंच सांग. वर एक शब्द बोलू नकोस."

म्हणून आगाफिया मोजकं बोलत होती. संध्याकाळच्या आत कोर्नेलियाच्या अंगावर हा पोशाख चढायला हवा होता, आणि तोही आईच्या हाताने. संध्याकाळनंतर पोचून उपयोग नव्हता.

तुम्हाला कोण पोसतं, असं अधिकाऱ्याने विचारलं. मुलगीच, ती म्हणाली. मुलगी काय करते? वृद्धाश्रमात आहे, म्हाताऱ्यांचं सगळं बघायला.

दुभाषी बाईचं नाव इरिना. आईबापांबरोबर लहानपणीच इकडे आलेली, भाषा घरात शिकलेली. तिने झगा उचलून उजेडात धरला. पाठीकडून तो मानेपासून खालपर्यंत उघडाच होता.

"मावशी, शिंप्याला झोप लागली वाटतं."

"मीच शिवलाय. तिथे अंगाबरोबर करून घेईन."

अधिकारी तरुण होता, उद्धट नव्हता. त्याने नवऱ्या मुलाचं नाव विचारलं. आगाफियाला सांगता येईना. मुलाला पाहिलंय का? नाही. लग्न कुठल्या चर्चमध्ये आहे? तिने मान हलवली. मग त्याने मुलीचा नंबर मागितला आणि फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला.

"ती उचलणार नाही," आगाफिया म्हणाली.

तो इरिनाशी हलक्या आवाजात बराच वेळ बोलला. इरिना अवघडली. झग्याची बाही नीट करत म्हणाली, "मावशी, राग मानू नका. यांचं म्हणणं, काही मुली पैसे घेऊन परक्या माणसाशी नुसतं कागदावर लग्न लावतात. त्याला इथे राहायचा परवाना मिळतो. तुमच्या मुलीचं तसं काही नाही ना?"

आगाफियाचे हात टेबलावर होते. ते तिने खाली घेतले. वृद्धाश्रमात मिळवलेल्या पैशातून आईच्या घराला कौलं घालणारी ती पोर. एक वाक्य बोललं असतं, तर तिचं नाव धुऊन निघालं असतं. ते वाक्य ओठांपर्यंत आलं. पण त्याच वाक्याने पुढची वाट बंद होणार होती.

"असेलही," ती म्हणाली. "हल्लीच्या मुली आईला कुठे सगळं सांगतात."

अधिकाऱ्याला हवं होतं ते मिळालं. लग्नाची चौकशी होईल, असं त्याने इरिनाकरवी सांगितलं. ती चौकशी मुलीची. आईला मात्र अडवता येत नाही, मुलगी इथली रहिवासी आहे. पुढच्या आठवड्यात मुलीने स्वतः कचेरीत येऊन खुलासा करावा. तिला निरोप द्याल ना?

"देते," आगाफिया म्हणाली.

शिक्का बसला. इरिनाने गाठोडं बांधायला हात लावला आणि दारापर्यंत सोडायला आली. तिथे थांबून म्हणाली, मनावर घेऊ नका, त्यांना विचारावंच लागतं. मुलगी सुखात राहू दे. आगाफियाने तिच्या गालाला हात लावला आणि चालू लागली.

बाहेर कोर्नेलियाची मैत्रीण स्तेला उभी होती. गावातलीच पोर, दोघी एका खोलीत राहायच्या. तिने डोक्याला काळा रुमाल बांधला होता. तिने आगाफियाला घट्ट धरलं, गाठोडं मात्र मागितलं नाही.

"चला आत्या, शवपेटीवाले थांबलेत, संध्याकाळी पेटी बंद करतील. बिनलग्नाची गेलेली पोर आपल्यात नवरी करूनच पुरतात, हे त्यांना सांगता सांगता माझी जीभ दुखली. अंघोळ मी घातली तिला. वेणी तेवढी तुमच्यासाठी ठेवलीय."