जिराफाच्या मानेवरचा थर

थुंकी अजून ओली होती.

जुमान्नेनं बोट लावून बघितलं आणि पँटला पुसलं. पार्कात राखणदार होऊन त्याला नऊ वर्षं झाली होती, पण ही घाण काही अंगवळणी पडत नव्हती. खडकावर हजारो वर्षांपूर्वी कुणी रंगवलेला लाल जिराफ. त्याच्या मानेवरून ओघळणारी बाजरीची दारू, दारूवर चोपडलेली बकऱ्याची चरबी आणि चरबीवर घोंगावणाऱ्या माश्या. वास तर असा, की मेलेलं जनावर परवडलं.

राजधानी डोडोमाहून आलेले पाहुणे धापा टाकत चढण चढून आले. सकाळी हत्ती दिसले होते, झेब्रे दिसले होते, मंडळी खुशीत होती.

"अगं बाई! इथं कोण ओकलंय?" म्हणत एक बाई नाक दाबून आल्या पावली खाली उतरली.

"राखण करता म्हणजे नक्की काय करता हो तुम्ही?" तिच्या नवऱ्यानं विचारलं.

 हाच प्रश्न जुमान्नेला गेल्या महिन्यात किमांबो साहेबांनी विचारला होता, तोही चार अधिकाऱ्यांसमोर. किमांबो म्हणजे पार्कचे मोठे साहेब. उत्तरेकडच्या मोशी शहरातले, शिकलेले, बुटावर धूळ बसली तर थांबून पुसणारे.

"शी! काय डुकरं आहेत ही माणसं!" नाकावरचा रुमाल न काढताच ते म्हणाले होते. "दगडावर थुंकून देव पावतो होय? जुमान्ने, पुढच्या महिन्यात परदेशी पाहुणे ही चित्रं बघायला येणार. तेव्हा इथं एक डाग जरी दिसला, तर तू कायमचं घरी बसायचं. कळलं?"

न कळायला काय झालं? रुकियाला, त्याच्या बायकोला, सातवा महिना होता. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. या खेपेला तिला शहरातल्या इस्पितळात न्यायचं होतं, आणि ते नोकरी असली तरच जमणार होतं.

बुधवारी दुपारी तो गोरखचिंचेच्या खोडाआड दबा धरून बसला. उन्हं कलायच्या आत चोर सापडला. गावातली तातू आजी. कमरेत वाकलेली, हातात दारूचा भोपळा. तिनं टायरच्या चपला काढल्या, तोंडभर घोट घेतला आणि फुर्रकन जिराफावर उडवला.

"लाज कशी वाटत नाही गं, आजी?"

"कसली लाज? तुझ्या आजोबानं इथंच थुंकून पाऊस मागितला होता. तू तेव्हा आईच्या पाठीवर होतास, नाक गळत."

"माझ्या नाकाचं राहू दे. तुला पाठवलं कुणी?"

"ज्याचं गाऱ्हाणं, त्याचं नाव सांगत नसतात." म्हातारीनं ओठ पुसले. "पोटुशी बाई आहे. पोरं टिकत नाहीत तिची. बाळ हातात येईपर्यंत हा थर राहायला हवा."

जुमान्नेच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं भोपळा लाथेनं उडवला. "चालती हो! परत दिसलीस तर पोलिसात देईन."

"नाही येत बाबा परत. मेले तरी नाही येणार," म्हातारी म्हणाली. "पण थराला हात लावू नकोस हो."

घरी रुकियानं मक्याच्या पिठाची उगाली वाढून ठेवली होती. तो ताटावर बसलाच नाही.

"तू तातू आजीकडे गेली होतीस?"

"मी?"

"खरं सांग."

"नाही गेले. जावंसं वाटलं, पण तुझ्या धाकानं नाही गेले. झालं समाधान?"

त्याचा विश्वास बसला नाही. त्या म्हातारीचं ते दारूनं भरलेलं तोंड, आणि त्या तोंडात आपल्या लेकराचं नाव! त्याला बायकोकडे बघवेना. शिसारी आली नुसती.

शुक्रवारी सकाळी त्यानं झऱ्यावरून तीन बादल्या पाणी वर आणलं. साबण, घासणी, सगळं घेऊन बसला. चरबीची ढेपळं नखांत शिरली.  मध्येच रुकियाचं पोट डोळ्यांपुढे आलं आणि हात थांबला. मग त्यानं स्वतःलाच शिवी हासडली आणि आणखी जोर लावला. बादलीतलं पाणी लालसर झालं, जिराफाचे पाय जरा फिके दिसायला लागले. माती असेल, म्हणत त्यानं पाणी उतारावर ओतून दिलं.

अंघोळ करून, नमाज पढून तो परत आला, तर पायथ्याशी साहेबांची गाडी उभी. परदेशी पाहुणे सोमवारी यायचे होते, आणि साहेब आजच हजर! ड्रायव्हरही नाही, स्वतः गाडी चालवत आलेले. ते एकटेच चढण चढत होते.

जुमान्ने धावतच त्यांच्यापुढे गेला. "या साहेब, बघा! एक डाग नाही. साबणानं घासलंय, तीनदा!"

साहेब खडकासमोर उभे राहिले. 

"तुला घासायला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच, साहेब. डाग दिसला तर..."

"अरे गाढवा, ते चारचौघांत म्हणावं लागतं!"

साहेबांनी बूट काढले, मोजे काढले. अनवाणी पुढे होऊन ते तळहातानं खडक चाचपायला लागले. मग नखानं भेगा उकरायला लागले.

"बघ, कुठं एवढीशी तरी चरबी राहिलीय का. आणि पळ, तातू आजीला घेऊन ये."

"ती नाही येणार, साहेब. मी हाकलून दिलं तिला."

साहेबांनी खडकावरचा हात काढला आणि खाली गाडीकडे पाहिलं.

"माझी बायको गाडीत बसलीय, जुमान्ने," ते म्हणाले. "नववा लागलाय. तिला आता काय सांगू?"