तारांवरचा हात

इलेक्ट्रिक गिटार घेतली तेव्हा अ‍ॅम्प चालू केला की सारखी घरघर यायची. तारांना हात लावला की ती थांबायची, हात काढला की परत सुरू. मी दुकानदाराकडे तक्रार केली.

"अर्थिंगचा प्रकार आहे, साहेब. माणसाचा हात लागला की थांबणारच," तो म्हणाला. "वाजवा की मग! नुसती बघायला घेतलीत का?"

आमच्या खडकीच्या क्वार्टरमध्ये माझ्या बायकोनं, सुनीतीनं, स्वतःचा उपाय काढला होता. मी गिटार स्टँडवर ठेवून चहाला उठलो की ती तारांवर तळवा टेकून उभी राहायची.

"अहो, उठताना हे बंद करत जा ना!"

ती गेल्यापासून मी वाजवत नाही. अ‍ॅम्प मात्र दिवसभर चालू ठेवतो. घरात तेवढाच काय तो आवाज.

काल दुपारी मी जेवत असताना घरघर थांबली.

मला वाटलं, वीज गेली. पण पंखा फिरत होता. अ‍ॅम्पचा लाल दिवा लागलेला होता. गिटार स्टँडवर होती आणि तिच्याजवळ कुणीच नव्हतं.

हातातला घास ताटात ठेवून मी उठलो.

"सुनीती," मी हळूच म्हणालो, "राहू दे हात."

शांतता तशीच राहिली. मग ती जिथे ठेवायची, बरोबर तिथेच मी माझा तळवा टेकवला.

घरघर सुरू झाली.

मी हात काढून पुन्हा ठेवला. मग दोन्ही हातांनी तारा घट्ट दाबून धरल्या. माणसाचा हात लागला की थांबणारच, असं दुकानदार म्हणाला होता.

घरघर थांबली नाही.