लग्नही नाही, राक्षसही नाही

वामनरावांनी शिक्का उचलला, शाईवर टेकवला आणि पुन्हा खाली ठेवला. सकाळपासून ही तिसरी वेळ.

जाफराबादेतल्या त्या छोट्या वाचनालयात तेव्हा दोनच कपाटं होती. एकावर 'बाल' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'प्रौढ'. जालन्याहून एसटीच्या टपावरून पुस्तकांचं पार्सल आलं की ग्रंथपाल वामनरावांनी ती वाचायची, शिक्का मारायचा आणि योग्य त्या कपाटात सारायची. योग्य कपाट ओळखायचा मंत्र अध्यक्ष अण्णासाहेबांनी देऊन ठेवला होता. "लग्न आलं की प्रौढ, राक्षस आला की बाल. बाकी डोकं चालवायचं न्हाई." खरं सांगायचं तर तेवढ्यावर अकरा वर्षं बिनबोभाट निघाली होती.

या कादंबरीत मात्र लग्नही नव्हतं आणि राक्षसही नव्हता. पंधरा वर्षांची एक मुलगी. सायकल शिकते, आईशी भांडते, आरशात बघून रडते, कुणाला तरी एक पत्र लिहिते आणि फाडून टाकते. झालं, संपली गोष्ट. वामनरावांनी ती दोनदा वाचली. बाल कपाटात ठेवावी, तर त्या पत्रावरून गावभर बोंब. प्रौढ कपाटात ठेवावी, तर तिथल्या मंडळींना खून आणि दरोडे लागतात. हिला वाळवीशिवाय कोणी हात लावायचं नाही.

त्यांना स्वतःचं पंधरावं वर्ष आठवलं. निजामाचं राज्य, शाळा उर्दूतली. मामाच्या घरून आणलेली, पानं सुटलेली एक मराठी कादंबरी त्यांनी कडब्याच्या गंजीमागं बसून वाचली होती. गोष्ट आता पार विसरली होती. आपल्या मनातलं या लिहिणाऱ्याला कसं कळलं, म्हणून छाती धडधडली होती, ती धडधड तेवढी लक्षात होती. तसं पुस्तक पुन्हा भेटलं नाही. किंवा भेटलंही असेल, पण तोवर ते पंधराचे राहिले नव्हते.

पार्सल सुटल्यापासून नववीतली बेबीनंदा मुखपृष्ठावर सायकलवाली मुलगी असलेल्या याच पुस्तकावर डोळा ठेवून होती. बाल कपाट तिनं दोनदा पालथं घातलं होतं. काल तिनं त्यांना गाठलंच.

"राक्षसांचा कंटाळा आला, सर. मला ते द्या ना."

"बेबी, त्याचं कपाट अजून ठरलं नाही. प्रौढात गेलं तर तू अठरा वर्षांची झाल्यावर मिळेल. नियम आहे."

"मंग मी कुठल्या कपाटातली?"

वामनरावांनी एकदा या, एकदा त्या कपाटाकडं पाहिलं आणि ती रिकाम्या हातानं निघून गेली. या वयात रिकाम्या हातानं गेलेलं पोर पुन्हा वाचनालयाची पायरी चढत नाही, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. ही तरी जाऊ नये, असं त्यांना फार वाटत होतं.

आणि आज ती आईला घेऊन आली. स्वतः दारातच थांबली. आई, चांगुणाबाई, पदर सावरत थेट टेबलापाशी आली.

"सर, ते सायकलवालीचं पुस्तक मला द्या. मी प्रौढ हाय."

वामनरावांनी हसू दाबलं. "ते दिसतंच आहे, चांगुणाबाई."

"दिसून काय व्हतंय? विहारातल्या प्रौढ वर्गात सहा म्हैने बसले, तवा कुठं प्रौढ झाले. बराबर वहीत नाव हाय माझं."

सरकारी साक्षरता वर्गाचा तो शब्द तिनं पदवीसारखा कमावला होता. तो खोडून काढायची वामनरावांची छाती झाली नाही. त्यांनी सभासदाचा अर्ज पुढं केला. चांगुणाबाईनं एकेक अक्षर कोरून सही केली आणि बाळाला तीट लावावी तसा 'चां'वरचा अनुस्वार सर्वांत शेवटी दिला.

"पोरीसाठीच नेताय ना?"

"तिच्यासाठीच. कालपासून रडून राह्यली." मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "आत वंगाळ तर न्हाई ना काही?"

"तुम्हीच बघा की. वाचता येतं आता."

त्यांनी पहिलं पान उघडून तिच्यापुढं ठेवलं. चांगुणाबाईनं ओळीखाली बोट धरलं.

"मी... पंध... पंधरा... वर्षांची झाले... आणि घरात... कुणाला... पत्ताच नव्हता."

बोट थांबलं. ती ओळ तिनं पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात, ओठ हलवत.

"पंधराव्या वर्षी ही पोटात व्हती माझ्या," ती म्हणाली. "काल परकर, आज लुगडं. मधी काय असतंय ते ठावंच न्हाई, सर."

 वामनरावांनी शिक्क्याची डबी झाकली आणि पुस्तक तिच्या नावावर तसंच, बिनशिक्क्याचं, लिहून दिलं. अण्णासाहेबांना काय सांगायचं ते उद्या बघू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

चांगुणाबाई निघाली नाही. तिथंच बाकावर टेकली आणि बोट पुढच्या ओळीखाली सरकवलं. दारात उभ्या असलेल्या बेबीनंदाला दम निघेना. आत येऊन तिनं हात पुढं केला.

"आई, दे ना. जल्दी दे."

चांगुणाबाईनं पुस्तक छातीशी ओढलं.

"थांब गं. आधी मला पंधराची होऊ दे."