नर चावत नाही

"नर डास चावत नाही. चावते ती मादी," अस्मिता म्हणाली.

"बगा! हितंबी बाईचंच नाव," मागून ज्ञानू ओरडला. समाजमंदिरात हशा पिकला.

कागलजवळच्या त्या गावात चिकुनगुन्या घरोघर फिरून गेला होता. माणसं अजून भिंत धरून उठत होती. कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेतली अस्मिता नवं संशोधन समजावून सांगायला आली होती. नर डासाचं जनुक बदलायचं आणि त्याला सोडून द्यायचं. त्याच्यापासून झालेल्या अळ्या जगत नाहीत. हळूहळू डास कमी होतात. "पण गावानं हो म्हटल्याशिवाय आम्ही एकही डास सोडणार नाही," हे तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं.

आकाराम खांबाला टेकून ऐकत होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. आणीबाणीत, बाजारातून परतताना त्याला गाडीत कोंबलं होतं. कुणाला तरी नसबंदीच्या केसेस पुऱ्या करायच्या होत्या. माझं अजून लग्न व्हायचंय, असं तो ओरडत राहिला. टाके घातले, हातात तुपाचा डबा दिला आणि घरी पाठवलं. डबा त्यानं ओढ्यात फेकला. कुणाला काही सांगितलं नाही. दोन वर्षांनी बनाबाईशी लग्न केलं, तेव्हाही नाही.

पुढचं सगळं बनाबाईनं सोसलं. सासूनं तिला उपास करायला लावले, अंगारे खायला लावले. बारशाला कुणी पाळण्याजवळ येऊ दिलं नाही. धाकटी जाऊ बाळाबाई तर ती दिसली की लेकरू पदराखाली घ्यायची. आकाराम बघत राहिला.

आज मात्र त्यानं हात वर केला.

"म्याडम, त्या मादीला कळतं काय, नराला काय केलंय ते?"

"नाही हो काका," अस्मिता हसली. "ती बिचारी अंडी घालत राहते."

"म्हंजे नावाचीच बाईमाणूस, आमच्या आक्कागत!" बाळाबाई शेजारच्या बनाबाईकडं बोट दाखवत म्हणाली. पुन्हा हशा.

आकारामनं मान खाली घातली.

बनाबाई उठली. आखडलेले गुडघे तिनं हातानं सरळ केले.

"कळतं की म्याडम. लग्नाच्या वर्षीच कळतं." तिनं आकारामकडं रोखून बघितलं. "नर कवा तोंड उघडतोय, त्याची वाट बघत बसती ती."